मदत हवी आहे: कूसीचा सातवा आंगेरां, तीन इझाबेला आणि अडलेले मराठी शब्द

नमस्कार मंडळी,
आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात मला चौदाव्या शतकातल्या एका फ्रेंच सरदारावर बोलायचंय, आंगेरां द कूसी (कूसी हे उत्तर फ्रान्समधलं गाव), त्या घराण्यातला सातवा आंगेरां. वाचून भरपूर झालंय पण मराठीत मांडायला बसले की गाडी अडते.

माणूस थोडक्यात सांगते. जन्म १३४०, वडील १३४६ च्या इंग्रजांबरोबरच्या लढाईत गेले आणि आई १३४९ च्या प्लेगमध्ये, म्हणजे नवव्या वर्षी पोरका. पुढे फ्रान्सचा राजा जाँ इंग्रजांच्या कैदेत होता, त्याची खंडणी ठरली तीस लाख सोन्याची नाणी, आणि ती फिटेपर्यंत १३६० मध्ये जे बडे लोक इंग्लंडला नेले त्यात हा होता. इथे पहिली अडचण. 'ओलीस' म्हटलं की आपल्याला डोक्याला बंदूक लावलेला माणूस दिसतो, पण हा तर तिकडे दरबारात मानाने वावरत होता, इतका की १३६५ मध्ये राजा तिसऱ्या एडवर्डने थोरली मुलगी इझाबेला त्याला दिली आणि खंडणी न घेता सोडून दिलं. मग काय म्हणू, 'तारण ठेवलेला' चालेल का?

दुसरं म्हणजे 'सरदार' हा शब्दच मला खटकतोय. या घराण्याचं ब्रीद होतं की मी राजा नाही, राजपुत्र नाही, ड्यूक नाही, काउंटही नाही, मी कूसीचा धनी. एवढी मिजास असलेल्या घराला 'जहागीरदार' म्हणणं मला तरी पटत नाही, कारण त्यात कुणीतरी दिलेलं असा वास येतो. 'वतनदार' जवळचा वाटतो, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गावचा पाटील येईल आणि इथे तर ५० मीटरहून उंच बुरूज असलेला किल्ला आहे (तो जर्मन सैन्याने १९१७ मध्ये सुरुंग लावून उडवला, फोटो बघून फार वाईट वाटलं).

तिसरं, वंशावळ. पहिली बायको इझाबेला, दुसरी लोरेनची इझाबेला आणि तिची मुलगीपण इझाबेला! वहीत तीन रंगांच्या पेन्सिलींनी काढलंय, पण बोलताना रंग कुठून दाखवू? 'राजकन्या', 'लोरेनकरीण' आणि 'धाकटी' असं केलं तर बरं वाटेल का?

आणि मला खरं ज्यावर बोलायचंय ते हे. सासरा इंग्लंडचा राजा, स्वतःचा राजा फ्रान्सचा, दोघांचं वैर. बरीच वर्षं त्याने कुणाच्याच बाजूने तलवार उपसली नाही, लांब इटलीत लढत राहिला. सासरा १३७७ मध्ये वारल्यावर मात्र त्याने गार्टरचा मान (इंग्लंडच्या राजाने निवडक सरदारांना द्यायचा), म्हणजे डाव्या गुडघ्याखाली बांधायचा तो निळा पट्टा, इंग्लंडला परत पाठवला आणि फ्रान्सची बाजू घेतली. राजकन्येच्या दोन लेकींपैकी थोरली मारी फ्रान्समध्ये राहिली, तिची धाकटी बहीण फिलिपा इंग्लंडात. या फिलिपाला पुढे नवऱ्याने, ऑक्सफर्डच्या अर्लने, राणीच्या एका दासीसाठी टाकलं तेव्हा खुद्द सासू पोटच्या मुलाविरुद्ध सुनेच्या बाजूने उभी राहिली. मुलींचा बाप आंगेरां १३९६ मध्ये निकोपोलिसच्या (आजच्या बल्गेरियातल्या) लढाईत तुर्कांच्या हाती सापडला आणि पुढच्या फेब्रुवारीत तुर्कस्तानातल्या बुर्सात कैदेतच वारला, मारीचा नवराही त्याच मोहिमेतून घरी परतला नाही.

मला वाटतं सुरुवात लढायांनी न करता त्या परत पाठवलेल्या पट्ट्यापासून करावी आणि तिथून दोन मुलींकडे यावं. वीस मिनिटंच आहेत. आधी असं काही सादर केलेल्यांनी प्लीज सांगा, निकोपोलिस गाळलं तर चालेल का, आणि फिलिपाच्या सासूबद्दल कुणी सविस्तर वाचलं असेल तर इथे जरूर लिहा.