समाजशास्त्रात एम.ए. झाल्यावर कन्सल्टिंगमध्ये पहिली नोकरी कशी मिळवावी?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकच्या एका महाविद्यालयातून समाजशास्त्रात बी.ए. केले आणि गेल्या वर्षी पुण्यात एम.ए. पूर्ण केले. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील पाड्यांवर दोन महिने राहून हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या. एखाद्या योजनेचा लाभ नेमका कुठे अडतो हे शोधणे, आणि ते निर्णय घेणाऱ्यांना समजेल अशा शब्दांत मांडणे, हेच काम पुढे करावे असे मला तेव्हा तीव्रतेने वाटले.

कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे सल्लागार संस्थांत, असेच काम चालते हे कळल्यापासून गेल्या सहा महिन्यांत मी तीसेक अर्ज पाठवले. बहुतेक ठिकाणांहून उत्तरच आले नाही. एका ठिकाणी मुलाखतीला बोलावले, पण ‘अभियांत्रिकी नाही आणि एमबीएही नाही, मग तुम्हाला घेऊन आम्ही काय करायचे?’ असे विचारून दहा मिनिटांत मुलाखत आटोपली. वडिलांचे म्हणणे आहे की बी.एड. करून शाळेत लागावे. एमबीएशिवाय या क्षेत्रात प्रवेश शक्य आहे का, असल्यास कोणत्या संस्थांत, आणि अर्जात मी काय दाखवले पाहिजे? कन्सल्टिंगच्या एका ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची जाहिरात पाहिली आहे. त्याला पैसे भरावेत का, हेही कृपया सांगावे.

डोंगरवाट

मी इतिहासाचा पदवीधर असून गेली नऊ वर्षे सामाजिक क्षेत्रातील सल्लागार संस्थांत काम करतो आहे, त्यामुळे प्रवेश शक्य आहे हे अनुभवाने सांगू शकतो. मात्र तुमचे तीस अर्ज कुठे गेले हे आधी तपासून पाहा. मॅकिन्झी, बीसीजी किंवा बेन यांच्यासारख्या मोठ्या जागतिक सल्लागार कंपन्या नव्या पदवीधरांची भरती मुख्यतः ठरावीक संस्थांमध्ये जाऊन करतात. आयआयटी आणि आयआयएम तर त्यांत आहेतच, पण दिल्लीची श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स आणि सेंट स्टीफन्स ही महाविद्यालयेही आहेत, जिथे कोणी अभियंता नसतो. म्हणजे तेथे विषयापेक्षा महाविद्यालयाचे नाव अधिक आडवे येते, आणि त्यांनी उत्तर दिले नाही म्हणून स्वतःच्या पात्रतेबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नका.

तुमच्या प्रबंधाला जिथे थेट मागणी आहे ते क्षेत्र कंपनी कायद्यामुळे वाढले. २०१३ च्या कायद्यातील कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी), १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नक्त नफा यांपैकी एक जरी निकष लागू झाला, तरी त्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. २०२१ मध्ये नियम बदलले. ज्या कंपनीचे हे दायित्व सरासरी १० कोटी किंवा त्याहून अधिक आहे, तिने १ कोटी व त्यावरील खर्चाच्या, पूर्ण होऊन वर्ष उलटलेल्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन त्रयस्थ संस्थेकडून करून घेणे बंधनकारक झाले. हे मूल्यमापन कोणीतरी गावात जाऊन करावे लागते. प्रश्नावली बनवणे, ती कोबोटूलबॉक्ससारख्या, मोबाइलवर सर्वेक्षण घेण्याच्या साधनात भरणे, सर्वेक्षकांना प्रशिक्षण देणे, गटचर्चा घेणे, आलेली माहिती स्वच्छ करणे आणि अहवालाचा पहिला मसुदा लिहिणे ही कामे असोसिएट किंवा ॲनालिस्ट पदावरची नवी माणसेच करतात. ज्या मुलीने पेठ-सुरगाण्यात दोन महिने मुलाखती घेतल्या आहेत, तिला यातले निम्मे काम आधीच येते.

अडचण अशी की हे तुमच्या अर्जातून दिसत नसावे. ‘प्रबंध : हंगामी स्थलांतराचा समाजशास्त्रीय अभ्यास’ या एका ओळीवरून भरती करणाऱ्याला काहीही कळत नाही. त्याऐवजी किती कुटुंबे, कोणते पाडे, नमुना कसा निवडला, काय आढळले आणि त्यावरून कोणत्या खात्याने काय बदलावे हे सात-आठ पानांच्या टिपणात मांडा. निष्कर्ष पहिल्या पानावर द्या, एक चांगला तक्ता आणि एक आलेख घाला, आणि हे टिपण प्रत्येक अर्जासोबत जोडा. माझ्या हाताखाली आजवर घेतलेल्या बहुतेक नवोदितांची निवड मी अशा टिपणावरूनच केली आहे. प्रमाणपत्र पाहून एकाचीही नाही. म्हणून त्या अभ्यासक्रमाला पैसे देऊ नका.

निविदावाचक

मी एका मोठ्या सल्लागार कंपनीच्या शासकीय विभागात आहे आणि सध्या एका खात्याच्या प्रकल्प व्यवस्थापन कक्षात, ज्याला सगळे पीएमयू म्हणतात, बसतो. वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. फक्त शासकीय कामात पदवीचा आग्रह कुठून येतो ते सांगतो, कारण तुम्हाला मुलाखतीत जे ऐकावे लागले त्याचे मूळ पुष्कळदा तेथे असते.

शासनाला सल्लागार नेमायचा असतो तेव्हा निविदेच्या दस्तऐवजात, म्हणजे आरएफपीमध्ये, चमूतील प्रत्येक पदासाठी शिक्षण आणि अनुभव लिहिलेला असतो, आणि कंपनी जे बायोडेटा जोडते त्यांना त्यानुसार गुण मिळतात. तांत्रिक गुणांना ७० किंवा ८० टक्के आणि दराला उरलेले, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी आढळते. निकषात न बसणारा एक बायोडेटाही निविदा हातून घालवू शकतो, आणि म्हणून भरती करणारा माणूस मनात तो तक्ता ठेवूनच तुमच्याकडे पाहतो. पण अनेक निविदांत ‘एमबीए किंवा सामाजिक शास्त्र, समाजकार्य, ग्रामविकास यांतील पदव्युत्तर पदवी’ असे स्पष्ट लिहिलेले असते, विशेषतः महिला व बालविकास, आदिवासी विकास आणि ग्रामविकास या खात्यांत. तुमची एम.ए. तेथे पूर्ण गुणांची आहे. महाटेंडर्स या राज्य शासनाच्या निविदांच्या संकेतस्थळावर अशा निविदा वाचायला मिळतात. चार-पाच नीट वाचा, पात्रतेचे तक्ते पाहा आणि अर्जात त्यांतलेच शब्द वापरा.

मराठीचाही येथे उपयोग आहे. शासन निर्णय (जीआर), टिपण्या, जिल्ह्यांचे अहवाल सारे मराठीत असते, आणि जीआर वाचून त्यातली अट अचूक सांगणारी व्यक्ती पीएमयूमध्ये लवकर आवश्यक ठरते. वर्षभर अनुभव झाल्यावर तरुणांना ठरावीक काळ शासनासोबत काम करू देणाऱ्या मुख्यमंत्री फेलोशिपचाही विचार करा. पदवीला ६० टक्के गुण, एक वर्षाचा अनुभव, २१ ते २६ वय आणि मराठीचे ज्ञान अशा तिच्या अटी राहिल्या आहेत. ज्या फेरीला अर्ज कराल तिची जाहिरात मात्र स्वतः वाचून घ्या.

गोदाकाठ

दोघांचीही मनापासून आभारी आहे. टिपण लिहायला घेतले आहे. एक भीती उरते, ती आकड्यांची. दहावीनंतर मी गणित सोडले. केस इंटरव्ह्यूमध्ये, म्हणजे एखादा प्रश्न समोर ठेवून तो सोडवायला लावणाऱ्या मुलाखतीत, अंदाज बांधायला सांगतात असे ऐकते. त्याची तयारी माझ्यासारखीने कशी करावी?

आकडेमोड

त्यासाठी बारावीचे गणित लागत नाही. टक्केवारी, गुणोत्तर आणि सरासरी मात्र कागदावर झरझर यायला हवी. तुमच्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ या. नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण भागात किती अंगणवाड्या असाव्यात?

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६१ लाख होती. निम्म्याहून थोडे अधिक लोक ग्रामीण, म्हणजे ३५ लाख धरू. सर्वसाधारण भागात ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी हा निकष आहे. आदिवासी भागात ३०० पासूनच ती मिळू शकते. येथे समाजशास्त्र शिकलेली व्यक्ती थांबून विचारेल की सगळीकडे एकच भागाकार कसा चालेल, कारण निफाडचे मोठे गाव आणि सुरगाण्याचे विखुरलेले पाडे सारखे नाहीत. जिल्ह्यात आदिवासी सुमारे एक चतुर्थांश आहेत आणि बहुतेक ग्रामीण भागात राहतात. ते १५ लाख धरून ५०० मागे एक म्हटले तर ३,००० होतात. उरलेल्या २० लाखांना ८०० ने भागले तर २,५००. एकूण साडेपाच हजारांच्या आसपास.

मुलाखत घेणाऱ्याला हे उत्तर बरोबर आहे की नाही याची फारशी पर्वा नसते. गृहीतक मोठ्याने सांगितले का, पाडे आणि गावे वेगळी का केली, आणि ५०० ऐवजी ४०० धरले तर आकडा किती हलेल हे विचारल्यावर गोंधळ उडाला का, हे तो पाहतो. रोज असा एक अंदाज बांधा, आणि जिथे खरा आकडा प्रसिद्ध आहे तिथे तो पडताळून पाहा. अर्थसंकल्पापूर्वी येणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी मराठीतही असते आणि या सरावाला तिच्याइतकी सोयीची दुसरी वस्तू मला माहीत नाही. सोबत एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, म्हणजे मोठ्या माहितीचा गोषवारा काढणारा तक्ता, शिका. मन लावून केले तर पंधरा दिवसांत हात बसतो.

एमबीएबद्दल माझे मत जरा वेगळे आहे. आत्ता नको, पण कायमचे नाकारूही नका. आयआयएमच्या प्रवेशासाठीची कॅट परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, आणि काही आयआयएम निवडीत बिगर-अभियंत्यांना जादा गुण देतात. दोन वर्षे मूल्यमापनाचे काम करून मग गेलात, तर कशासाठी जायचे हे तुम्हाला ठाऊक असेल. वडिलांना पहिल्या नेमणुकीचे पत्र दाखवता येईल तेव्हा त्यांच्याशी बोलणेही सोपे जाईल. माझ्या घरी तसेच झाले.

गोदाकाठ

अंगणवाडीचे उदाहरण वहीत पुन्हा सोडवले आणि ४०० धरून आकडा ६,२५० आला. टिपणाचे पहिले पान रविवारी येथे टाकते. निष्कर्ष नीट उतरला आहे का, हे कृपया पाहावे.