एलसीबीत माणूस कुणी निवडायचा, आणि कशावरून?

कोयनाकाठ

माझा धाकटा भाऊ जिल्हा पोलीस दलात हवालदार आहे. नोकरीला सतरा वर्षं झाली, त्यातली नऊ डीबीत, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे प्रकटीकरण पथकात. मोटारसायकल चोर, घरफोड्या, साखळीचोर हे त्याचं रोजचं काम. मोबाइलचे सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, तो स्वतः वाचतो, शेजारच्या दोन तालुक्यांत त्याचे खबरी आहेत. सेवापटात बक्षिसं आहेत, कसुरी एकही नाही. स्थानिक गुन्हे शाखेत, म्हणजे एलसीबीत घ्या म्हणून त्याने तीन वेळा ओआरमध्ये, म्हणजे अंमलदारांचं म्हणणं ऐकायच्या ऑर्डरली रूममध्ये, साहेबांसमोर उभं राहून विनंती केली. तिन्ही वेळा उत्तर आलं, जागा नाही.

त्याच काळात एलसीबीत तीन नवे अंमलदार आले. एकाची नोकरी चार वर्षांची, तपासाचा एकही कागद त्याच्या हातून गेलेला नाही. त्याची नेमणूक कागदावर आजही मुख्यालयात आहे, काम एलसीबीत. दलात याला ‘संलग्न’ म्हणतात. आदेश तोंडी असतो, त्यामुळे दाद मागायला कागदच हातात येत नाही.

हे केवळ भावाचं रडगाणं म्हणून लिहीत नाही. दरोडा, खून, टोळ्या, आणि त्याबरोबर वाळू, गुटखा, मटका यांवरचे छापे, एवढं सगळं जिल्हाभर ज्या शाखेच्या हातात असतं, तिथे माणूस चिठ्ठीवर आला तर तो चिठ्ठी देणाऱ्याचा राहतो. कुठे छापा घालायचा आणि कुठे नाही, हेही मग तिथूनच ठरायला लागतं.

सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस सुधारणांचा निकाल दिला. त्याला धरून २०१४ मध्ये आपल्या राज्याने पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, बदल्या बघणारी आस्थापना मंडळं आणली. उपनिरीक्षक ते निरीक्षक या दर्जाच्या अधिकाऱ्याला एलसीबीत सर्वसाधारणपणे तीन वर्षं, विशेष यंत्रणांतही तीन वर्षं, असं कलम २२ न मध्ये लिहिलंय. किती दिवस राहायचं ते कायद्याने ठरवलं. आत कुणी यायचं, हे मात्र त्या कलमात नाही, आणि सगळं दुखणं तिथे आहे.

माझं म्हणणं असं. रिकामी जागा सर्वांना कळेल अशी जाहीर व्हावी, निकष लेखी असावेत, ज्याला नाकारलं त्याला कारण लेखी मिळावं आणि ‘संलग्न’ हा प्रकार पूर्ण बंद व्हावा.

निवृत्त फौजदार

तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. अशी माणसं मी पाहिली आहेत. पण तुम्ही सुचवलेल्या उपायाने एलसीबी बसेल, हे चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर सांगतोय. त्यातली तीन मी एलसीबीत काढली.

एक रात्र सांगतो. दरोड्यातली पाच माणसं उसाच्या फडाजवळच्या वस्तीवर मुक्कामाला आहेत अशी पक्की खबर होती. आम्ही दोन गाड्यांनी निघालो. पोहोचलो तेव्हा चूल गरम, भाकरी तव्यावर, माणसं गायब. वाटेत आमच्याच पथकातून एक फोन गेला होता. तो गडी कागदावर उत्तम होता, बक्षिसं माझ्यापेक्षा जास्त. पुढे ते आरोपी सापडायला सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत त्यांनी आणखी दोन घरं फोडली. एका घरातली म्हातारी त्या मारहाणीतून उठलीच नाही.

म्हणून निरीक्षकाला ‘हा माझा माणूस’ असं म्हणता आलं पाहिजे. इथे ‘माझा’ म्हणजे ज्याच्या भरवशावर मी रात्री दार ठोठावू शकतो तो. हा भरवसा कुठल्या निकषात लिहिणार? खुनाचा उलगडा झाला नाही तर जाब एसपींना विचारतात, निवड समितीला नाही. ज्याने जाब द्यायचा त्यालाच निवडू द्या. आणि नाकारण्याचं कारण लेखी काय देऊ? ‘तुझे मेव्हणे वाळूत आहेत’ असं लिहू?

कायद्याचं पान

फौजदारसाहेब, तुमची रात्र खरी आहे. पण तिने तुमच्याच बाजूला धक्का लागतो. तो फोन करणारा गडी तुमच्या शाखेत आला होता तो परीक्षेतून की कुणाच्या भरवशावर? तेव्हाही निवड साहेबांच्या मर्जीनेच होत होती ना?

मुंबईचं उदाहरण ताजं आहे. मार्च २०२१ मध्ये, अँटिलियाबाहेरच्या स्फोटकांच्या प्रकरणानंतर, एका फटक्यात ८६ पोलिसांच्या बदल्या झाल्या, त्यात ६५ गुन्हे शाखेतले होते. गुन्हे शाखेतलं जे पथक एरवी निरीक्षकाकडे असायचं, ते त्याआधी एका सहायक निरीक्षकाच्या हाती दिलेलं होतं. राज्यातल्या सर्वांत नावाजलेल्या शाखेतून पासष्ट जण एका दिवसात उचलावे लागतात, तेव्हा मला पडलेला प्रश्न एवढाच, की ते आत येताना कुणी कुठल्या कागदावर काय तपासलं होतं?

आस्थापना मंडळ जिल्ह्यालाही आहे. मी वकील, मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, बदल्यांची प्रकरणं चालवतो. मुदतपूर्व बदलीला आम्ही आव्हान देऊ शकतो, कारण जनहित आणि प्रशासकीय निकड दाखवावी लागते, मंडळाचं इतिवृत्त मागवता येतं. इतिवृत्तात कित्येकदा नावांची यादी आणि सह्या, एवढंच असतं. पण निदान तेवढं असतं. ज्याला कधी घेतलंच नाही, त्याच्या बाजूने मागवायला काहीच नसतं. कोयनाकाठ, तुमचा भाऊ माझ्याकडे आला तर मी त्याला केस नाही असंच सांगेन, आणि हे सांगताना मला लाज वाटेल.

निवृत्त फौजदार

त्या पासष्टांत चांगली माणसं नव्हती का? सरसकट उचलल्यावर त्यांच्याबरोबर त्यांचे खबरीही गेले. खबरी ठाण्याचा नसतो, माणसाचा असतो. तो नव्या साहेबाला नमस्कार घालतो आणि गप्प बसतो.

बाकी तुमचा पहिला प्रश्न मला लागला. तो गडी एका आमदारांच्या शिफारशीने आला होता, हे इथे लिहितो. मर्जी साहेबांची नव्हती, वरून आलेली होती. माझा विरोध त्याला आहेच. पण वरची चिठ्ठी थांबवायची म्हणून साहेबाचे हात बांधू नका. चिठ्ठी थांबवा.

सावळी

मी उपनिरीक्षक आहे. जिल्हा सांगत नाही.

दोन्ही बाजू ‘माणूस’ म्हणतायत आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर पुरुष आहे, हे वाचताना जाणवत राहिलं. पोलीस भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. भरती होते, प्रशिक्षण तेच, परेड तीच. नंतर आम्ही कुठे दिसतो? भरोसा सेल, दामिनी पथक, पासपोर्ट, वायरलेस, ठाणे अंमलदार. ही कामं हलकी नाहीत, भरोसा सेलला मी दोन वर्षं मनापासून काम केलंय. पण तिथे मला कुणी विचारून पाठवलं नव्हतं आणि एलसीबीसाठीही कुणी विचारलं नाही.

एलसीबीला माझी आठवण रात्री दोनला यायची. महिला आरोपीची झडती घ्यायची असली की गाडी दाराशी. झडती झाली, पंचनाम्यावर सही झाली की परत घरी. गुन्हा उघड झाल्याच्या फोटोत मी नाही, बक्षिसाच्या यादीत नाही. मग निकष म्हणून बक्षिसं मोजलीत तर मी तिथेच बाद. आणि फौजदारसाहेब, तुमचा भरवसा मोजला तरी बादच. तो भरवसा कुठे तयार होतो? रात्रभर एका गाडीत बसून, टपरीवर चहा घेत, एकत्र बंदोबस्त काढत. त्या गाडीत मला घेतलंच नाही तर माझा भरवसा कुणाला कसा वाटणार?

निकष लिहायचे असतील तर आधी हे बघा की ते मिळवायची संधी सगळ्यांना मिळते का. प्रत्येक डीबीत एक महिला अंमलदार पूर्ण वेळ द्या. पाच वर्षांनी यादी काढा. मग बोलू.

वैनगंगा

तुम्ही आत जायचं भांडण मांडलंय. आमच्याकडे बाहेर पडायचं आहे.

गडचिरोलीत १९९० साली तेव्हाचे एसपी के. पी. रघुवंशी यांनी साठ जणांचं नक्षलविरोधी पथक उभं केलं. तेच सी-६०. पोरं इथलीच घेतली. गोंडी, माडिया बोलणारी, रानातली पायवाट अंधारात ओळखणारी. राज्यभर एकच परीक्षा घेतली असती तर त्यातलं एकही पोर पुण्या-नगरकडच्या मुलांपुढे टिकलं नसतं, आणि पुण्या-नगरकडचं पोर इथे एक रात्र टिकलं नसतं. म्हणून ‘लेखी निकष’ ऐकलं की मला धास्ती वाटते. निकष मुंबईत बसून लिहिले जातील.

दुसरी गोष्ट. कमांडो होण्यासाठी माणूस स्वतः पुढे येतो. पण इथल्या पोलीस मदत केंद्रांत बाहेरून जे येतात, त्यांतल्या सगळ्यांनी गडचिरोली मागितलेली नसते. नवीन उपनिरीक्षक येतात, मुदत संपते, आणि ज्याचं वर कुणी आहे त्याचा आदेश आधी निघतो. १ मे २०१९ ला जांभूळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ जवान गेले, गाडीचा खासगी चालकही गेला. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या गल्लीत प्रत्येक घराला एकच भीती होती, फोन वाजण्याची. सुखाची जागा चिठ्ठीवर मिळते तशी धोक्याची जागाही चिठ्ठीवर टळते. निवडीत न्याय हवा असेल तर दोन्हीकडे हवा. एलसीबीच्या यादीत इथे मुदत पूर्ण केलेल्याला आधी घ्या. हा एक निकष मी आनंदाने मान्य करेन.

खडू-फळा

पोलीस खात्याशी संबंध नाही, जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. आमच्याकडे २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने बदल्या ऑनलाइन झाल्या. त्याआधी बदलीच्या मोसमात जिल्हा परिषदेच्या आवारात जत्रा असायची. आता फॉर्म भरायचा, पसंतीक्रम द्यायचा, बाकी यंत्र बघतं. पहिल्या वर्षी गोंधळ झाला, आजारपणाची खोटी प्रमाणपत्रं जोडल्याच्या तक्रारीही झाल्या. पण माझ्या बायकोला वीस वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या दारात न जाता शाळा मिळाली. त्या संध्याकाळी ती रडली होती. पोलिसांना हे का नको?

निवृत्त फौजदार

गुरुजी, ठाणे बदलायला हे चालेल, चालायलाच हवं. वैनगंगा म्हणतात त्या परतीच्या बदल्यांना तर आजच लावा, मी सही करतो. पण दुसरीचा वर्ग आणि टोळीवरचा छापा यात फरक आहे. यंत्राला सेवाज्येष्ठता कळते. मेव्हणा कळत नाही.

चांदीची वाटी

मी यातलं काहीच जाणत नाही. दोन वर्षांपूर्वी आमचं घर फुटलं. सासूबाईंचे दागिने गेले. ज्यांनी तपास लावला ते एलसीबीचे होते. ते कसे निवडले गेले याच्याशी मला देणंघेणं नव्हतं आणि नाही. पोलिसांनी आपसांत न्याय करावा, पण माझा तपास लागेल अशा पद्धतीने करावा. यादीतला तिसरा नंबर माझ्या दारात उभा राहिला आणि त्याला काहीच येत नसलं, तर तो न्याय मी काय करू?

कोयनाकाठ

ताई, तुमचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तुम्हाला उत्तर देतो. तपास लागावा हेच मीही मागतोय. चार वर्षांच्या नोकरीचा, तपास न केलेला माणूस तुमच्या दारात उभा राहू शकतो, तो आजच्या पद्धतीने.

सावळीताई आणि वैनगंगा यांचं वाचून मी माझ्या मागणीत बदल करतोय. बक्षिसं मोजू नका, हे पटलं. निकष राज्याला एकच नसावेत, जिल्ह्याने आपल्या गरजेप्रमाणे लिहावेत, हेही पटलं. फौजदारसाहेबांचं निम्मं पटलं. शेवटचा माणूस एसपी आणि निरीक्षकांनीच निवडावा. पण तो पात्र यादीतून. फोर्स वन या राज्याच्या कमांडो पथकाचं घ्या. २६/११ नंतर ते उभं राहिलं तेव्हा राज्यभरातून सुमारे ३००० पोलिसांनी अर्ज केले आणि चाचण्यांतून २१६ निवडले. कमांडोच्या निवडीत अर्ज, चाचणी, यादी हे सगळं जमतं. तपासाच्या शाखेत का जमू नये? यादीतून कुणाला उचलायचं याला साहेबांना मोकळीक द्या. यादीबाहेरचा उचलायचा असेल तर साहेबांनी स्वतःच्या सहीने कारण लिहावं. मेव्हण्याचं कारण नाकारलेल्याला देऊ नका, गोपनीय फाइलला ठेवा, पण लिहा. उद्या नवे साहेब आले तर त्यांना ते वाचता येईल.

‘संलग्न’ मात्र बंदच. तिथे मी मागे येत नाही. ज्याची नेमणूक कागदावर नाही, त्याची तीन, किंवा अंमलदार असेल तर पाच, वर्षं मोजायला सुरुवातच होत नाही.

कायद्याचं पान

शेवटचं वाक्य नेमकं आहे. कलम २२ न चुकवायची हीच वाट आहे.

निवृत्त फौजदार

यादीबाहेरच्याचं कारण लिहायला माझी हरकत नाही. आमदारांचा फोन आला तर साहेबही म्हणू शकतील, की साहेब, लिहावं लागतं. यादी किती मोठी असावी यावर मात्र आपलं जमणार नाही. तुम्ही दहाची कराल, मला चाळीसची लागेल. आणि कामाच्या घाईत महिनाभर माणूस संलग्न घ्यावाच लागतो, मोठा गुन्हा घडला की तुम्हालाही कळेल. महिन्यानंतर कागद झाला पाहिजे, एवढं मी मानतो.

भावाला एक निरोप द्या. ओआरला नुसता उभा राहू नकोस म्हणावं. अर्ज लेखी दे. उघड केलेल्या गुन्ह्यांचे रजिस्टर नंबर, ठाणं, साल आणि त्यात स्वतः काय केलं ते एकेका ओळीत लिही. दोषसिद्धी झाली असेल तर निकालाची तारीख घाल. आवक शिक्का घेऊन दुसरी प्रत स्वतःकडे ठेव. चौथ्या वेळी ‘जागा नाही’ म्हणाले, तर निदान कशाला नाही म्हणाले ते कागदावर राहील.

कोयनाकाठ

सांगतो. पुढची ओआर शुक्रवारी आहे.