आईच्या ओव्यांच्या पुस्तिकेसाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझी आई गेल्या श्रावणात वयाच्या ८२व्या वर्षी गेली. तिच्या वर्षश्राद्धाला नातवंडांच्या हाती तिच्या जात्यावरच्या ओव्यांची छोटी पुस्तिका द्यावी, असे आम्हा भावंडांच्या मनात आहे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जाणारी, तिथे मिळालेली सुकडी पदरात बांधून आमच्यासाठी आणणारी आणि हजेरी कमी मांडणाऱ्या मुकादमाला सर्वांदेखत ओवीतूनच चिमटा काढणारी ही बाई पुढे नातसुनांनाही सोडत नसे. मात्र तिच्या थट्टेने कोणी रुसल्याचे मला आठवत नाही.

तिच्या आवाजाची एकच कॅसेट उरली असून फितीला बुरशी लागली आहे. ती टेपरेकॉर्डरवर लावण्याचे धाडस होत नाही. अशी फीत स्वच्छ करून संगणकावर उतरवून देणारे पुण्यात कोणी विश्वासू आहे का?

दुसरे असे की, ओव्या एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी जातात, त्यामुळे आईने स्वतः रचलेल्या कोणत्या आणि माहेरून आणलेल्या कोणत्या, हे कळत नाही. हेमा रायरकर आणि गी पॉयटवाँ यांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांमध्ये जुळणारी पदे कशी शोधावीत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

थोरले बंधू ‘पानी’चे ‘पाणी’ करायला निघाले आहेत. मला ते मुळीच पटत नाही, आईला तर नक्कीच पटले नसते. तरी बोलीतील उच्चार छापताना आपण कोणती पद्धत पाळता?