प्रतिसाद: राइटचा फॉल्ट डिव्हाइसला कळत नाही
'ड्रायव्हरने डिव्हाइसचं स्टेटस रजिस्टर वाचलं की चुकीचा डीएमए (डिव्हाइसने सीपीयूविना थेट मेमरीत केलेलं वाचन-लेखन) कळतो', हे वर आलंय ते रीडपुरतं ठीक. पीसीआय एक्सप्रेसवर (डिव्हाइस जोडणारी बस) मेमरी राइट पोस्टेड असतो, म्हणजे त्याला उलट उत्तरच येत नाही. आयओएमएमयूने (डिव्हाइसचे मेमरी पत्ते भाषांतरित करून तपासणारं हार्डवेअर) तो अडवला तरी डिव्हाइस 'काम झालं' म्हणून मोकळं! फॉल्टची नोंद फक्त आयओएमएमयूकडे. म्हणून लिनक्समध्ये आयओएमएमयूच्या डोमेनवर (डिव्हाइसच्या पत्त्यांचा एक नकाशा) फॉल्ट हँडलर, म्हणजे फॉल्ट आल्यावर चालणारं फंक्शन, लावायची सोय आहे. मात्र त्याला हाक मारणं आयओएमएमयूच्या ड्रायव्हरवर अवलंबून, सगळे मारत नाहीत. हँडलर बहुधा इंटरप्ट कॉन्टेक्स्टमध्ये चालतो, जिथे थांबून राहता येत नाही, तेव्हा तिथे म्यूटेक्स (वाट पाहायला लावणारं कुलूप) नको. पत्ता टिपून बाकीचं वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांची रांग) ढकलायचं.

आणि मिळणारा पत्ता आयओव्हीए (डिव्हाइसला दिसणारा आभासी पत्ता) असतो, फिजिकल नव्हे. कोणता बफर कधी मॅप-अनमॅप केला याच्या नोंदींची छोटी रिंग ठेवून तो जुळवा. नुकत्याच अनमॅप केलेल्या बफरमध्ये पडला, तर डिव्हाइस थांबायच्या आधीच अनमॅप झालंय. मात्र लेझी फ्लशमध्ये (अनमॅपनंतरची सफाई लांबणीवर टाकणं) जुनं भाषांतर आयओटीएलबीत (आयओएमएमयूची भाषांतरांची कॅश) काही काळ टिकतं, फॉल्ट येतच नाही आणि मेमरी गुपचूप खराब होते. डीबग करताना कर्नल स्ट्रिक्ट मोडमध्येच, म्हणजे सफाई लगेच होईल असा, (आयओएमएमयू.स्ट्रिक्ट=1) बूट करा.