वार्षिक अंक: साध्या माणसांची मोठी कामं

प्रेषक: कार्यवाह

सप्रेम नमस्कार मंडळी,

यंदाच्या वार्षिक अंकाचा विषय कार्यकारिणीने ठरवला आहे: हाताशी पद नाही, पैसा नाही, अनेकदा शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही, तरीही ज्यांच्यामुळे आसपासच्या लोकांचं जगणं सुधारलं अशी माणसं.

सुरुवात मी हरेकळ हाजब्बांपासून करतो. मंगळूरच्या रस्त्यांवर टोपलीतून संत्री विकणारा हा माणूस. एका परदेशी जोडप्याने इंग्रजीत भाव विचारला आणि त्यांना उत्तर देता आलं नाही. ही लाज गावातल्या पुढच्या मुलांच्या वाट्याला नको म्हणून त्यांनी विक्रीच्या पैशातून बचत केली, सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि 2000 साली न्यूपडपू गावात शाळा उभी केली. 2020 च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि ती घ्यायला ते राष्ट्रपती भवनात अनवाणी गेले.

अशी नावं सुचवा. प्रत्येकी एक पान, फोटो आणि मिळालेले सन्मान असं स्वरूप ठेवू.

प्रेषक: ग्रंथपाल

कार्यवाह, विषय फार आवडला. स्वरूपाबद्दल मात्र थोडं बोलायचं आहे.

लेख पद्मश्रीपाशी थांबले तर महत्त्वाचं तेच राहून जाईल. हाजब्बांच्या शाळेची इमारत झाल्यावर वर्ग झाडणं आणि मुलांसाठी पाणी उकळून ठेवणं हेही ते स्वतः करत. मला त्या पुरस्काराच्या दिवसापेक्षा हा भाग जास्त वाचायचा आहे.

सालुमरद तिम्मक्कांचं तसंच. कर्नाटकात हुलिकल ते कुडूर या रस्त्याच्या कडेने त्यांनी आणि त्यांच्या पतीने, चिक्कय्यांनी, वडाची 385 झाडं वाढवली. आकडा सगळे सांगतात. पण पहिल्या वर्षी रोपं होती जेमतेम दहा. पुढच्या वर्षी पंधरा, मग वीस. मजुरी करून पोट भरणारी ही दोघं चार किलोमीटरपर्यंत पाण्याच्या घागरी वाहून नेत, गुरांनी रोपं खाऊ नयेत म्हणून काटेरी कुंपण घालत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर लावणी करत म्हणजे निदान तेवढे महिने आभाळ पाणी देईल. रोप लावायला एक सकाळ पुरते, ते जगवायला वर्षं जातात. आणि झाडं मोठी झाली म्हणून काम संपलं असंही नाही. 2019 मध्ये रस्ता रुंदीकरणात ती तोडली जाण्याची वेळ आली, तेव्हा शंभरी ओलांडलेल्या तिम्मक्कांना मुख्यमंत्र्यांना साकडं घालावं लागलं.

आपल्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तर हवंच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या या बाईंनी देशी वाणांचं बियाणं जपलं. बियाणं मडक्यात ठेवून टिकत नाही, ते वेळच्या वेळी पेरून नवं करून घ्यावं लागतं, नाहीतर त्याची उगवण जाते. म्हणून त्या ते शेतकऱ्यांना देतात आणि पीक आलं की दुप्पट परत मागतात. या व्यवस्थेत काम एका माणसाच्या अंगावर राहत नाही. प्रत्येक लेखाने हे विचारावं असं मला वाटतं: हे रोज कोण करतं, आणि ती व्यक्ती थकली तर पुढे कोण?

प्रेषक: सभासद (डॉक्टर)

ग्रंथपाल ताईंशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्या क्षेत्रातली दोन उदाहरणं देतो.

ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन. चौदाव्या वर्षी छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत त्यांना अनोळखी लोकांचं रक्त मिळालं. अठरा पूर्ण होताच, 1954 मध्ये, त्यांनी स्वतः द्यायला सुरुवात केली आणि वयोमर्यादेमुळे 2018 मध्ये थांबावं लागेपर्यंत 1,173 वेळा दिलं. त्यांच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवात, अँटी-डी हे प्रतिपिंड (ठरावीक पेशींना चिकटणारं प्रथिन) भरपूर होतं. रक्तपेशींवरचा आरएच हा घटक आईत नसला (आरएच निगेटिव्ह) आणि बाळात असला (पॉझिटिव्ह) की आईचं शरीर बाळाच्या रक्तपेशींवर हल्ला करू शकतं. अँटी-डीचं इंजेक्शन ते टाळतं. त्यांच्या दानाचा लाभ सुमारे 24 लाख बाळांना झाला असं तिथली रक्तसेवा सांगते. सुईची त्यांना भीती होती. ते दरवेळी नजर दुसरीकडे वळवत. फेब्रुवारी 2025 मध्ये ते गेले. हे इंजेक्शन आजही दात्यांच्या प्लाझ्मापासूनच बनतं, आणि तिथे असे दाते जेमतेम दोनशे आहेत. ताईंचा प्रश्न इथे अगदी शब्दशः लागू पडतो.

दुसरं उदाहरण एका व्यक्तीचं नाही. भारतात 2005 पासून सुरू झालेल्या सरकारी योजनेतल्या आशा स्वयंसेविका, म्हणजे आपल्याच गावात आरोग्याचं काम करणाऱ्या स्त्रिया. दहा लाखांच्या आसपास बायका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली, बालमृत्यू लक्षणीय घटले, आणि 1999 मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे ती पद्धत आशांच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी बाळ बेचाळीस दिवसांचं होईपर्यंत घरी सहा भेटी, वजन, ताप, श्वास बघणं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला.

आणि याच बायकांना महाराष्ट्रात मानधनवाढीसाठी संप करावे लागले. आपण त्यांच्या सेवाभावाचं कौतुक करू आणि मोबदल्याबद्दल गप्प राहू, तर ते कौतुक त्यांच्याच विरोधात वापरलं जाईल. सेवा करते म्हणून कमी पैशात चालेल, हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो. तिम्मक्कांनी आपण होऊन घागर उचलली. आशांवर मात्र काम सरकारने सोपवलं आहे. दोघींना एकाच पंक्तीत बसवून आरती ओवाळू नये.

प्रेषक: कार्यवाह

डॉक्टरसाहेब, ताई, दोघांचंही पटलं. सन्मानांची चौकट काढून टाकली. त्या जागी प्रत्येक लेखात काम रोज कसं चालतं, खर्च कोण करतं आणि आज ते कोणाच्या हाती आहे, हे येईल.

आशांवरचा लेख डॉक्टरसाहेबांनीच लिहावा, दोन पानं देतो, मानधनाचा भाग अजिबात गाळू नका. तिम्मक्का आणि राहीबाई ताईंकडे. हाजब्बांवर मी नव्याने लिहितो.

आणि प्लाझ्मादानाविषयी: आपल्यापैकी जे नियमित देतात किंवा देऊ इच्छितात त्यांनी मला वेगळा मेल टाका. पात्रतेचे नियम देशागणिक वेगळे आहेत, म्हणून आपल्या इथल्या रक्तसेवेशी मी या आठवड्यात बोलतो आणि इथे कळवतो.