डॉक्टर जेनेरिक लिहून द्यायला तयार नाहीत, कसं बोलावं?

आईच्या तीन गोळ्या कायमच्या चालू आहेत. रक्तदाबाची अम्लोडिपिन, कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन आणि थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन. तिन्ही ब्रँडेड. परवा तपासणीला गेलो तेव्हा धीर करून विचारलं, "यांच्या जागी जेनेरिक चालतील का?" डॉक्टरांनी चिठ्ठी परत पुढ्यात ओढली आणि तिन्ही ब्रँडच्या नावांखाली पेनाने रेघ मारली. थायरॉइडखाली दोनदा. म्हणाले, "जेनेरिकमध्ये औषध ८० टक्के असलं तरी पास होतं. त्रास झाला तर मला विचारू नका."

माणूस चांगला आहे हो, रात्री-अपरात्री फोन उचलतात. त्यामुळे वाद घालायचा नाहीये. पण मी वाचलं तेव्हा वाटलं की त्यांचे ८० टक्के ज्या '८० ते १२५ टक्के' निकषातले आहेत, तो आकडा गोळीतल्या औषधाचा नाहीच. मला बरोबर कळलंय का? आणि कळलं असेल तर त्यांना न दुखावता सांगायचं कसं? आई म्हणते, "त्यांना शिकवायला जाऊ नकोस, मला पुन्हा त्यांच्यासमोर बसायचंय."

प्रतिसाद १
बरोबर कळलंय. गोळीत औषध किती, याची मर्यादा वेगळी आणि बरीच कडक असते. ८०-१२५ टक्के हा मूळ ब्रँडच्या तुलनेत रक्तात किती औषध पोहोचलं याचा निकष. त्यातही नुसती सरासरी नव्हे, तिच्या दोन्ही बाजूंची ९० टक्के विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असण्याची बरीच खात्री असते, तो पट्टा) अख्खी ८०-१२५ मध्ये बसावी लागते. सरासरीच ८०च्या आसपास आली तर औषध नापास. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) १९९६ ते २००७ मधल्या २,०७० चाचण्या तपासल्या, तेव्हा शोषणातला सरासरी फरक ३.५ टक्क्यांच्या आसपास निघाला.

हा गैरसमज बऱ्याच डॉक्टरांचा असतो. कॉलेजात औषधांची मूळ नावं शिकतात, प्रॅक्टिस सुरू झाली की एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, ब्रँड घेऊन दारात. शिवाय "ही गोळी लागू पडली नाही" म्हणत परत आलेला एक पेशंट जन्मभर लक्षात राहतो, गपचूप बरे झालेले शंभर नाही.

पण थायरॉइडखालच्या त्या दोन रेघा अगदीच चुकीच्या नाहीत. लेव्होथायरॉक्सिनच्या डोसमध्ये थोडा फरकही जाणवतो. ते बदललंच तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासायचं आणि नंतर दर महिन्याला कंपनी बदलत बसायचं नाही.

धागाकर्ता
अच्छा, म्हणजे थायरॉइडखालच्या रेघांशी भांडायचं नाही! मग असं विचारू का: "थायरॉइडची तुम्ही म्हणता तीच ठेवू, बाकी दोन जेनेरिक घेऊन महिनाभर घरी बीपी लिहून ठेवतो, वही तुम्हाला दाखवतो"? कोलेस्टेरॉल मात्र घरी मोजता येत नाही. त्याची रक्ततपासणी किती दिवसांनी करायला सांगू?