आईच्या घरातील चाळीस वर्षांचे सामान : काय ठेवावे, काय द्यावे आणि कोणाला द्यावे?

माहेरवाशीण (पुणे) :

नमस्कार मंडळी. माझ्या आईचे घर सदाशिव पेठेत आहे. इमारत पुनर्विकासाला जाणार असल्यामुळे दोन महिन्यांत जागा रिकामी करून द्यायची आहे. नवी इमारत उभी राहीपर्यंतची तीनेक वर्षे आई कोथरूडला दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत राहील. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आई शहात्तर वर्षांची आहे आणि भाऊ बंगळुरूला असतो, त्यामुळे आवराआवरीचे बहुतेक काम माझ्याकडेच आले आहे.

या घरात चाळीस वर्षांचा संसार साठला आहे. माळ्यावर तांब्याचा बंब, पितळेचे घंगाळ, दोन हंडे, कल्हई उडालेली सहा पातेली, पाटा-वरवंटा आणि जाते आहे. कपाटांत आईची नऊवारी लुगडी आणि जरीच्या साड्या आहेत. बाबांचे दिवाळी अंक वर्षांनुसार सुतळीने बांधून ठेवलेले आहेत, आणि त्यांच्या कागदपत्रांचे एक मोठे गाठोडे आहे, जे ते गेल्यापासून कोणीच सोडलेले नाही. त्यांच्या आजारपणातील औषधे, वॉकर आणि कमोडची खुर्चीसुद्धा अजून तशीच आहे.

माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगते. मागच्या रविवारी आई देवळात गेली असताना काम लवकर उरकावे म्हणून मी दोन पोती सामान भंगारवाल्याला दिले. त्यात पितळेचा एक लहान पेढेघाटी डबा होता. झाकण चेपलेले होते आणि आत जुन्या बटणांखेरीज काही नव्हते. त्या डब्याच्या बुडाशी आजीचे नाव आणि ‘मंगळागौर, १९७२’ असे कोरलेले होते, हे मला आईने विचारल्यावर कळले. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दुकानात गेले, पण तोवर माल पुढे गेला होता. आई मला एका शब्दानेही बोलली नाही. मात्र त्या दिवसापासून माळ्याच्या कपाटाची किल्ली ती कनवटीला लावून ठेवते.

सामान कमी करावेच लागणार आहे. पण आता ते तिला न दुखावता कसे करावे, आणि कोणती वस्तू कोणाकडे द्यावी, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

कळशी (नाशिक) :

ताई, मी अडुसष्ट वर्षांची आहे आणि सासरचा वाडा रिकामा करण्याचे काम मी स्वतः केले आहे, म्हणून आईच्या बाजूने लिहिते. ‘हे ठेवायचे की टाकायचे?’ असे विचारले की आमच्या वयाच्या बाईचे उत्तर ‘ठेवायचे’ असेच येते, कारण टाकणे या शब्दातच तिला आपल्या संसाराचा अपमान वाटतो. त्याऐवजी ‘हे कोणाला देऊ या?’ असे विचारून पाहा. माझ्या मुलीने तसे विचारायला सुरुवात केल्यावर मी स्वतःच नावे सांगू लागले. मोठी परात धाकट्या जावेला गेली, कारण तिच्याकडे अजून दिवाळीचा फराळ घरी होतो. पिंप शेतावरच्या गड्याने नेले. घेणारा माणूस डोळ्यांसमोर असला म्हणजे वस्तू हातून सुटते.

रोज दुपारच्या चहानंतर एखादा तासच बसा, त्याहून जास्त वेळ नको. पहिल्या दिवशी माळ्याला हात लावू नका. श्रीखंडाचे रिकामे डबे, झाकण हरवलेल्या बरण्या, दांडा तुटलेल्या कढया अशा वस्तूंपासून सुरुवात करा. कपाटाची किल्ली आईकडेच राहू द्या आणि कपाट तिलाच उघडू द्या.

वरवंटा मात्र देऊ नका. आमच्याकडे बारशाला वरवंट्याला कुंची घालून तो बाळाआधी पाळण्याखालून-वरून फिरवतात. माझ्या दोन्ही मुलांच्या आणि तिन्ही नातवंडांच्या बारशाला एकच वरवंटा होता. जाते ठेवायला जागा नसेल, तर ओळखीच्या मंगल कार्यालयात विचारा. लग्नविधीतला घाणा भरायला आणि हळद दळायला त्यांना जाते लागते. आमचे जाते एका कार्यालयाने आनंदाने ठेवून घेतले, आणि पुतणीच्या लग्नात आम्ही त्याच जात्यावर हळद दळली.

सुती लुगडी बोहारणीला देण्याची घाई करू नका. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांची गोधडी शिवून घ्या. आमच्या एका गोधडीला पाच लुगडी लागली आणि कपाटाचा एक कप्पा मोकळा झाला. जरीच्या साड्यांबाबत अधिक जपून राहा. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची बारीक तार असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. साडी विरली तरी तिच्या काठ-पदरातील चांदीला मोल असते. म्हणून जुनी साडी जुनी जर घेणाऱ्या दोन दुकानांत दाखवून मगच ठरवा. कापड चांगले असेल, तर साडी मोडण्यापेक्षा तिचे काठ काढून नातीच्या परकराला लावलेले मला तरी अधिक आवडेल.

तांबट आळीचा शेजारी (पुणे) :

भांड्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण घाईत सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते.

सर्व भांडी एकदम तराजूवर चढवू नका. प्रथम तांबे, पितळ आणि कासे असे तीन ढीग करा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण, तर कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचे. जुन्या घरांत काशाच्या वाट्या आणि थाळ्या पितळेच्या भांड्यांत मिसळून पडलेल्या असतात, आणि मोड घेणारा त्या पितळेच्या भावाने घेऊन जातो. काशाच्या वाटीवर बोटाच्या पेराने टिचकी मारली की नाद बराच वेळ घुमत राहतो, तर पितळेचा आवाज लवकर बसतो. पायाला तूप चोळायची काशाची वाटी तुमच्याकडे असेल, तर तिच्याशी इतर भांड्यांचा आवाज ताडून पाहा. तांब्याला पितळेपेक्षा अधिक भाव मिळतो, म्हणून बंब वेगळा मोजायला सांगा. मात्र बंबाच्या सांध्यांना डाग (झाळ) दिलेले असतात, आणि जाळी किंवा कडी लोखंडाची असते. त्यापोटी दुकानदार वजनात घट धरतात, आणि तशी घट धरणे योग्यच आहे. लोखंडी भाग घरीच काढून ठेवलेत, तर घट किती धरावी यावर वाद होत नाही. घरच्या वजनकाट्यावर प्रत्येक भांड्याचे वजन करून कागदावर लिहा आणि तो कागद घेऊनच दुकानात जा.

कल्हई उडालेली सहाही पातेली मोडीत काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांतले जाड बुडाचे एक तरी ठेवा. कल्हईवाला भांडे तापवतो, त्यात नवसागर टाकतो आणि कथील लावून कापसाच्या बोळ्याने ते आतून सर्वत्र फिरवतो. पांढऱ्या धुराचा एक लोट उठतो आणि काळवंडलेले पातेले क्षणात चांदीसारखे उजळते. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते, म्हणजे धातू उतरून बिघडते, आणि असे कळकलेले अन्न पोटात जाणे धोक्याचे असते. त्यामुळे पातेले कोणाला वापरायला देणार असाल, तर कल्हई करूनच द्या.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही तांब्या-पितळेच्या भांड्यांवर हाताने मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके देण्याचे काम, होते. घंगाळ फक्त चेपलेले असेल, तर एखाद्या कारागिराला दाखवा, कदाचित पोचे निघतील. जुन्या वस्तूंची हौस असलेल्यांना भांडी विकायची असतील, तर कुंभारवेशीजवळचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. विकण्याआधी तेथे एक फेरी मारून भाव ऐकून या.

ताईंच्या हातून गेलेल्या डब्याबद्दल वाचून वाईट वाटले. आपल्याकडे लग्नात आणि सणावारी दिलेल्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत असल्यामुळे प्रत्येक भांडे उलटे करून बूड आणि कडा पाहाव्यात. काळे पडले असेल, तर चिंचेने किंवा लिंबू-मिठाने घासावे, म्हणजे अक्षरे दिसू लागतात. राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातील भांडी अशा घरगुती वस्तू केवढ्या निगुतीने मांडल्या आहेत, हे आईंबरोबर एकदा पाहून या. प्रत्येक घंगाळ संग्रहालयात जावे असे मी म्हणत नाही. पण मोडीत घालण्याआधी आपण काय घालवत आहोत, हे तरी माणसाला कळलेले असावे.

निवृत्त रोखपाल (ठाणे) :

बाबांचे गाठोडे कोणत्याही परिस्थितीत रद्दीत जाऊ देऊ नका. एका स्वच्छ चादरीवर ते पूर्ण सोडा आणि एकेक कागद उलगडून पाहा. पुनर्विकास होणार असल्यामुळे घराचा मूळ करारनामा, इंडेक्स टू (निबंधक कार्यालयातील कराराच्या नोंदीचा उतारा), सोसायटीचे भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि मालमत्ता कराच्या पावत्या सर्वांत आधी वेगळ्या काढा. बाबांच्या मृत्यूनंतर भाग प्रमाणपत्रावर आईचे नाव लागले आहे का, हेही पाहून घ्या. हे काम सामान बांधण्याच्या आधी करण्याचे आहे.

त्या पिढीतील नोकरदारांच्या गाठोड्यांत कंपन्यांची कागदी भाग प्रमाणपत्रे हमखास सापडतात. सूचिबद्ध कंपन्यांचे असे कागदी भाग १ एप्रिल २०१९ पासून दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, पण वारसाच्या नावावर ते होऊ शकतात. लाभांश सलग सात वर्षे घेतला गेला नसेल, तर ते भाग गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग झालेले असतात. तेथूनही वारसाला अर्ज करून ते परत मागता येतात. म्हणून पिवळे पडलेले प्रमाणपत्र निरुपयोगी समजू नका. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या बँक खात्यांतील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तरी तिच्यावरील हक्क संपत नाही. अशी खाती शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले आहे. बाबांच्या नावाने तेथे एकदा शोध घ्या.

जुनी वीजबिले, मुदत संपलेल्या हमीपत्रिका, लग्नपत्रिका हे सारे खुशाल काढून टाका. आधार किंवा पॅनच्या प्रती मात्र पाण्यात भिजवून, लगदा करूनच फेका. गाठोड्यात मोडी लिपीतील कागद निघाले, तर ते भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवावेत. १९१० पासून ही संस्था जुन्या कागदपत्रांचेच काम करीत आली आहे.

दिवाळी अंकांची वर्षवार यादी करा आणि ती ग्रंथालयांना आधी पाठवा. न विचारता पोती नेऊन ठेवली, तर ग्रंथालयातील लोकांची अडचण होते. आपल्याकडे ज्या वर्षाचे अंक नाहीत तेवढेच त्यांना हवे असतात, म्हणून सुटे अंक निवडून देण्याची तयारी ठेवा.

परिचारिका (पुणे) :

औषधांविषयी थोडक्यात लिहिते. मुदत संपलेली औषधे शौचकुपात किंवा मोरीत ओतू नयेत आणि ओल्या कचऱ्यातही टाकू नयेत. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत मुदतबाह्य औषधे, वापरलेले विद्युतघट (बॅटऱ्या) आणि फुटलेले पाऱ्याचे तापमापक यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती. ती वेगळ्या पिशवीत घालून, वर तसे लिहून कचरावेचक ताईंच्या हाती द्या. सुया असतील, तर जाड प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करा, कारण तो कचरा पुढे कोणीतरी हाताने निवडत असते. पुण्यात २००८ पासून हे काम कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था करते. जुने कपडे, गाद्या आणि बंद पडलेली विजेची उपकरणे यांसाठीही त्यांच्याकडे चौकशी करा.

वॉकर आणि कमोडची खुर्ची भंगारात घालू नका. रुग्णोपयोगी साहित्य नाममात्र भाड्याने देणारी केंद्रे अनेक मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघ चालवतात. स्क्रू आणि रबरी बूच तपासून, जंतुनाशकाने पुसून या वस्तू तेथे द्या. वॉकरसाठी ताटकळणारे नातेवाईक मी रोज पाहते.

माहेरवाशीण (पुणे) :

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

कळशीताईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही रोज दुपारी चहानंतर बसलो. पाचव्या दिवशी आईने स्वतः माळ्याचे कपाट उघडले. आम्ही एकेक भांडे चिंचेने घासून उलटे करीत गेलो. ज्या हंड्यावर काही असेल असे मला मुळीच वाटले नव्हते, त्याच्या काठावर आईच्या मामांचे नाव निघाले. आई नावे वाचून दाखवीत होती, कोणी काय कधी दिले ते सांगत होती आणि मी वहीत उतरवून घेत होते. ही वही आजवर कधीच झाली नसती. बंब मोडीत घालायचे तिनेच ठरवले, कारण तो आजोबांनी हप्त्याने घेतला होता आणि कोणाची भेट नव्हती. घंगाळाचे पोचे काढायला दिले आहे. एक पातेले कल्हई करून आणले, आणि त्यात तिने परवा सोलकढी केली.

गाठोड्यात एका कंपनीची दोन भाग प्रमाणपत्रे निघाली असून भाऊ त्यांचा पाठपुरावा करीत आहे. वॉकर आणि खुर्ची शेजारच्या पेठेतील ज्येष्ठ नागरिक संघाने घेतली. बाबांची खुर्ची जिन्यावरून खाली नेली जात असताना आई दारापर्यंत आली आणि खुर्चीच्या पाठीवरून एकदा हात फिरवून आत गेली.

दिवाळी अंकांची यादी दोन ग्रंथालयांकडे पाठवली असून एकाकडून नव्वदच्या दशकातील अकरा अंकांना होकार आला आहे. उरलेल्यांचे अजून ठरलेले नाही. हरवलेल्या डब्यासाठी मी दोन रविवार जुन्या बाजारात फिरले, पण तो मिळाला नाही. आपल्यापैकी कोणाला बुडाशी ‘मंगळागौर, १९७२’ कोरलेला, झाकण चेपलेला पेढेघाटी डबा कुठे दिसला, तर कृपया येथे कळवावे.